चित्रातला घोडा

एकही खोटा शब्द न उच्चारता माणूस दुसऱ्याला फसवू शकतो का? आणि फसवू शकत असेल, तर खरे बोलण्याची आपली जबाबदारी नेमकी कोठे सुरू होते आणि कोठे संपते? प्रश्न नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये तो विचारला गेला, मध्ययुगातील विद्यापीठांत त्यावर वाद झडले आणि आठवडे बाजारात म्हैस विकायला उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यालाही तो आजवर चुकलेला नाही. आम्ही मात्र तो एका मोटारगाडीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवणार आहोत. गाडी अमेरिकेतली आहे, आपल्या रस्त्यांवर ती दिसत नाही. पण स्वतःच्या घरातल्या पसाऱ्याला डोळे सरावलेले असतात; परक्याच्या अंगणातली वस्तूच कधीकधी अधिक स्पष्ट दिसते.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात पॉन्टिअ‍ॅक नावाचे शहर आहे. तेथील कारखान्यात जनरल मोटर्स या कंपनीने १९८३ ते १९८८ या काळात ‘फिएरो’ नावाची दोन आसनांची एक लहानशी गाडी तयार केली. अशा सुमारे ३ लाख ७० हजार गाड्या बाहेर पडल्या. तिचे इंजीन चालकाच्या पाठीमागे होते, महागड्या इटालियन गाड्यांत असते तसे. मात्र सुरुवातीचे हे इंजीन चार सिलिंडरचे आणि अवघ्या ९२ अश्वशक्तीचे होते. रूप शर्यतीच्या घोड्याचे आणि दम टांग्याच्या घोड्याचा, असा तो प्रकार.

या गाडीच्या बांधणीत एक वैशिष्ट्य होते. सारा भार आतल्या पोलादी सांगाड्यावर असे. बाहेरचे अंग प्लॅस्टिकच्या तक्त्यांचे, नुसते जोडलेले. ते तक्ते उतरवून ठेवले तरी गाडी चालू शके. साहजिकच हौशी कारागिरांच्या ध्यानात आले, की या सांगाड्यावर दुसरेच अंग चढवता येईल. फायबरग्लासचे साचे निघाले, फेरारी आणि लॅम्बोर्गिनी या इटालियन गाड्यांच्या आकाराची अंगे विक्रीला आली. मिशिगनमधीलच एका कंपनीने फिएरोला फेरारीसारखे रूप देऊन ‘मेरा’ या नावाने अशा सुमारे अडीचशे गाड्या केल्या आणि त्या पॉन्टिअ‍ॅकच्या विक्रेत्यांमार्फत विकल्याही. फेरारीने न्यायालयात धाव घेतली आणि १९८८ साली ते उत्पादन थांबले. हिंदी जाणणाऱ्या आपल्या वाचकांना त्या नावातला विनोद वेगळा सांगायला नको. दुसऱ्याचे रूप घेऊन उभ्या राहिलेल्या गाडीचे नाव काय, तर ‘मेरा’!

आता आपण एक गृहस्थ कल्पनेत उभा करू. त्याने १९८४ सालची एक जुनी फिएरो स्वस्तात घेतली. चार वर्षे रोज संध्याकाळी, जेवणानंतर, तो आणि त्याचा मुलगा गॅरेजात राबले. फेरारीच्या ‘टेस्टारोसा’ या गाडीचे अंग त्यांना बसवायचे होते. फिएरोच्या पुढल्या आणि मागल्या चाकांमधील अंतर सुमारे २३७ सेंटिमीटर, टेस्टारोसाचे २५५. म्हणून सांगाडा कापून, मध्ये तुकडा घालून, वेल्डिंग करून तो १८ सेंटिमीटर वाढवला. आतला डॅशबोर्ड बदलला, त्याबरोबर अंतर मोजणारा मीटरही बदलला. लालभडक रंग दिला आणि शेवटी पुढे, नाकावर, मागील दोन पायांवर उभ्या राहिलेल्या काळ्या घोड्याचे चिन्ह लावले. पुढे मुलगा मोठा झाला, नोकरीसाठी दूर गेला. बापाचे गुडघे दुखू लागले. एवढ्या बुटक्या गाडीत शिरणे आणि बाहेर पडणे जमेना. गाडी विकायची ठरली. कागद-पेन घेऊन तो जाहिरात लिहायला बसला आहे. काय लिहावे त्याने?

‘फेरारी विकणे आहे’ असे लिहिले तर ते सरळसरळ असत्य. त्यावर चर्चा नको. पण समजा त्याने लिहिले, ‘लाल रंगाची, इटालियन धाटणीची देखणी गाडी, पाहताच मन मोहून जाईल’, आणि सोबत छायाचित्र दिले. यात खोटा शब्द एकही नाही. येणाऱ्याने विचारले तर तो खरे सांगेल. नाही विचारले तर? आमचा प्रश्न या ‘नाही विचारले तर’मध्ये दडलेला आहे.

त्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. नक्कल करणे हेच मुळात पाप आहे, असे आम्हाला वाटत नाही. संत ऑगस्टीन यांनी तरुणपणी, ३८६-८७ च्या सुमारास, ‘सोलिलोक्विया’ म्हणजे स्वतःशीच केलेल्या संभाषणांचा एक ग्रंथ लिहिला. सत्य म्हणजे काय याचा शोध घेताना ते त्यात एका विलक्षण जागी येऊन थांबतात. रोमन रंगभूमीवरचा विख्यात नट रोशियस राणी हेक्यूबाची भूमिका करी. तो हेक्यूबा म्हणून खोटा होता. पण तसा खोटा झाला म्हणूनच तो खरा नट ठरला. चित्रातला घोडा हा घोडा म्हणून खोटाच. परंतु तो तसा नसेल, तर ते चित्र तरी खरे कसे होणार? काही गोष्टी अशा असतात, की एका बाजूने खोट्या असल्याशिवाय त्या दुसऱ्या बाजूने खऱ्या होऊच शकत नाहीत.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला रोमपर्यंत जाण्याचीही गरज नाही. ‘एकच प्याला’ नाटकात बालगंधर्व सिंधू म्हणून रंगमंचावर येत, तेव्हा नाट्यगृहातील प्रत्येकाला ठाऊक असे, की हा पुरुष आहे. तिकीट काढणाऱ्याची फसवणूक होत नव्हती. उलट त्याच जाणिवेपोटी तो तिकीट काढत होता. सराफकट्ट्यावर ‘एक ग्रॅम सोन्याचे दागिने’ अशी पाटी लावून विकणारा दुकानदारही कोणाला फसवत नाही. पाटीच खरे सांगते. आमच्या कल्पनेतील गृहस्थाची गाडीही अशीच एक खरी प्रतिकृती आहे. चार वर्षांच्या त्या संध्याकाळी खऱ्या आहेत, हाताला पडलेले घट्टे खरे आहेत, बापलेकांनी एकत्र सोसलेला उन्हाळा-हिवाळा खरा आहे. चित्राला चित्र म्हटले, की घोड्याविषयी तक्रार उरत नाही. तक्रार सुरू होते ती चित्र घेऊन कोणी घोडेबाजारात उभा राहिला म्हणजे.

घोड्याचा विषय निघालाच आहे, तर त्या चिन्हाची कथाही सांगू. फ्रान्चेस्को बराक्का नावाचा एक इटालियन वैमानिक पहिल्या महायुद्धात १९१८ साली मारला गेला. त्याच्या विमानावर असा घोडा रंगवलेला असे. एन्झो फेरारी यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी, की १९२३ साली राव्हेन्नाजवळची एक शर्यत जिंकल्यानंतर त्यांची त्या वैमानिकाच्या आईवडिलांशी ओळख झाली आणि आईने आपल्या मुलाचा घोडा त्यांना गाडीवर लावायला सांगितले. फेरारी यांनी त्यामागे आपल्या मोदेना शहराचा पिवळा रंग भरला. १९३२ पासून तो घोडा त्यांच्या शर्यतीच्या गाड्यांवर दिसू लागला. म्हणजे जगातील श्रीमंतीची खूण समजले जाणारे हे चिन्ह मुळात एका पुत्रहीन मातेने विश्वासाने हाती दिलेले आहे. चिन्हाला किंमत येते ती त्यामागच्या अशा विश्वासाने. चिकटवणाऱ्याला ते बाजारात थोड्या पैशांत मिळते. त्यामागचा विश्वास मात्र मिळत नाही.

आता विक्रीकडे वळू. सिसेरोने इ.स.पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी ‘कर्तव्यांविषयी’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात एक मजेदार गोष्ट आहे. कानियस नावाचा एक धनवान रोमन गृहस्थ सिराक्यूजला गेला होता. समुद्राकाठी एखादी बाग विकत घ्यावी, मित्रांना बोलवावे, चैन करावी अशी त्याची इच्छा. पिथियस नावाच्या सावकाराच्या ती कानावर आली. त्याने कानियसला आपल्या बागेत जेवायला बोलावले आणि गावातील कोळ्यांना निरोप धाडला, की उद्या सर्वांनी माझ्या बागेसमोर मासे धरा. दुसऱ्या दिवशी बागेसमोर होड्यांची गर्दी! प्रत्येक कोळी आपली मासळी आणून पिथियसच्या पायाशी ओततो आहे. कानियस थक्क झाला. पिथियस म्हणाला, यात नवल ते काय, गावातली सारी मासळी इथेच तर मिळते. कानियसने मागेल ती किंमत मोजून बाग घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांना बोलावले, स्वतः लवकर येऊन बसला. समुद्रावर एक वल्हेसुद्धा दिसेना. त्याने शेजाऱ्याला विचारले, आज कोळ्यांचा सण आहे काय? शेजारी म्हणाला, माझ्या माहितीत तरी नाही. इथे कोणी मासे धरायला येतच नाही, काल काय झाले याचेच मला आश्चर्य वाटत होते.

किनाऱ्यावरच्या आमच्या वाचकांना या गोष्टीतील होड्या डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. पिथियस एक वाक्य खोटे बोलला, हे खरे. पण तो ते वाक्य बोलला नसता तरी काय फरक पडला असता? फसवले ते वाक्याने नव्हे, होड्यांनी. म्हणूनच सिसेरो आपल्या एका विधिज्ञ मित्राची व्याख्या तेथे सांगतो: दाखवायचे एक आणि करायचे दुसरे, यालाच कपट म्हणतात. लाल रंग, उभा घोडा, खास कोनातून घेतलेले छायाचित्र, या आमच्या गृहस्थाच्या होड्या आहेत. त्या समुद्रात सोडून ‘मी तर काहीच बोललो नाही’ असे त्याला म्हणता येणार नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिया’ या आपल्या महाग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीसाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले आहे. मठातला हा संन्यासी बाजाराविषयी किती बारकाईने बोलतो, हे पाहून नवल वाटते. विक्रीच्या वस्तूत तीन तऱ्हेचे दोष असू शकतात, असे तो म्हणतो. पहिला, वस्तूच्या जातीचा: पाणी घातलेला द्राक्षारस शुद्ध म्हणून विकणे. दुसरा, मापाचा: खोट्या वजनाने देणे. तिसरा, गुणाचा: आजारी जनावर निरोगी म्हणून विकणे. विक्रेत्याला दोष ठाऊक असेल आणि तरीही त्याने विकले, तर ते पाप, आणि भरपाईचे ऋण त्याच्या डोक्यावर राहते. किमया करून बनवलेल्या सोन्याचाही तेथे विचार आहे. ते खऱ्या सोन्याच्या जातीचे नसेल, तर खरे म्हणून विकणे अन्यायाचे ठरते.

आमच्या गृहस्थाची गाडी या तराजूत घालून पाहू. जातीचा दोष उघड आहे. ती फेरारी नव्हे. मापाचा दोष कोठे आहे? त्या बदललेल्या मीटरमध्ये. सांगाडा आणि इंजीन लाख-दीड लाख मैल धावलेले असेल आणि नव्या मीटरवर आकडा आठ हजारांचा असेल, तर तो आकडा म्हणजे खोटे वजनच होय. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने मीटर मागे फिरवणे हा गुन्हा ठरला तो याच कारणाने. आणि गुणाचा दोष? तो सर्वांत गंभीर आहे. घरच्या घरी कापून जोडलेल्या सांगाड्याचे वेल्डिंग कसे आहे, हे वरच्या रंगावरून समजत नाही. शिवाय १९८४ सालच्या फिएरोंपैकी अनेक गाड्यांच्या इंजिनांना आगी लागल्या होत्या आणि दुरुस्तीसाठी कंपनीला त्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. आता विचार करा. आपण फिएरो चालवतो आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला फिएरोच्या आगीविषयी सावध कोण करणार? नक्कल ही केवळ जुन्या गाडीचे नाव झाकत नाही. त्या नावाबरोबर येणारी धोक्याची सूचनाही झाकते.

विक्रेत्याने दोष स्वतःहून सांगितलाच पाहिजे काय, या प्रश्नाचे थॉमस यांनी दिलेले उत्तर समतोल आहे. घोड्याला एकच डोळा असेल तर ते कोणालाही दिसते. विक्रेत्याने त्याची दवंडी पिटण्याची आवश्यकता नाही, किंमत तेवढी कमी करावी म्हणजे झाले. पण दोष झाकलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याचे नुकसान किंवा जिवाला धोका संभवत असेल, तर न विचारताही सांगणे हे कर्तव्य ठरते. लंगडा घोडा वेगवान म्हणून, मोडकळीला आलेले घर भक्कम म्हणून, सडलेले अन्न चांगले म्हणून विकता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. एवढ्या कमी किमतीत फेरारी कोण देईल? किंमतच खरे सांगत नाही काय? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. सिसेरोचा कानियसही हावरा आणि पैसेवालाच होता. स्वस्तात मोठेपणा मिळवण्याची घाई अनेकदा घेणाऱ्यालाच आंधळे करते. थॉमस तर घेणाऱ्यालाही मोकळे सोडत नाहीत. देणारा अज्ञानाने सोने पितळ समजून विकत असेल आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर भरपाईचे ऋण घेणाऱ्यावर येते. परंतु दुसऱ्याच्या हावेमुळे आपल्या मौनाला परवानगी मिळते, हे काही आम्हाला पटत नाही. आंधळ्याच्या वाटेत दगड ठेवून ‘त्याने पाहून चालावे’ असे म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू?

येथवरचा विचार विक्रेता आणि खरेदीदार या दोघांपुरता झाला. समजा, आमच्या गृहस्थाने सारे खरे सांगितले, घेणाऱ्याने ते समजून-उमजून पैसे मोजले. संपली का जबाबदारी? नेमका हाच प्रश्न अमेरिकेतील न्यायालयापुढे आला होता. एक उत्पादक फेरारीच्या ‘डेटोना स्पायडर’ आणि ‘टेस्टारोसा’ या गाड्यांची फायबरग्लासची अंगे तयार करी. त्याच्या स्पायडरच्या सुट्या भागांचा संच ८,५०० डॉलरला आणि पूर्ण सजवलेली गाडी सुमारे ५०,००० डॉलरला मिळे. त्या वेळी खऱ्या टेस्टारोसाची किंमत २,३०,००० डॉलरच्या आसपास होती. ही फेरारी नव्हे, असे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. तरीही १९९१ साली अपील न्यायालयाने निकाल त्याच्याविरुद्ध दिला. गिऱ्हाईक फसले नसेल, पण गाडी रस्त्यावर आल्यानंतर पाहणारे फसतील, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तीन न्यायाधीशांपैकी एकाचे मत वेगळे होते. ग्राहकांचा गोंधळ टाळणे हे कायद्याचे काम आहे, एखाद्या महागड्या वस्तूचे वेगळेपण राखणे हे नव्हे, असा त्या मताचा रोख होता.

कायद्याच्या त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हे ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. श्रीमंत कंपनीच्या श्रीमंत गिऱ्हाइकांचा दिमाख टिकावा म्हणून आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण न्यायालयाने एका तिसऱ्या माणसाकडे बोट दाखवले, ते आम्हाला मोलाचे वाटते. वस्तू एका हातात थांबत नाही. पहिल्या खरेदीदाराला सत्य ठाऊक असते. तो ती दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला. प्रत्येक हस्तांतरात सत्याचा थोडा रंग उडतो, गाडीचा मात्र नव्याने दिला जातो. २०१९ साली ब्राझीलमध्ये पोलिसांनी एका बापलेकाचा असा कारखानाच बंद केला. तेथे खोट्या फेरारी आणि लॅम्बोर्गिनी बनत होत्या. ती उघड लबाडी. आम्ही बोलतो आहोत ते लबाडी न करणाऱ्या माणसाविषयी. त्याने सत्य केवळ सांगून भागणार नाही. ते वस्तूबरोबर पुढे जाईल अशी तजवीज त्याने केली पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

असे आम्ही का म्हणतो, हे सांगताना आता अमेरिका सोडून घरी येणे भाग आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही आमची जुनी स्कूटर विकली. पाय ठेवायच्या जागेचा पत्रा खालून गंजला होता. एका ठिकाणी बोट आत जाईल एवढे भोक पडले होते. विकण्यापूर्वी आम्ही ते पुट्टी भरून बुजवले, वरून रंग दिला, त्यावर नवे रबर टाकले. घ्यायला आलेला तरुण नुकताच नोकरीला लागला होता. त्याने इंजीन ऐकले, ब्रेक दाबून पाहिले, दिवा लावून पाहिला. पत्र्याविषयी त्याने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. किंमत थोडी कमी करून दिली, तेव्हा तो कृतज्ञतेने हसला. ते हसू आमच्या ध्यानात राहिले आहे.

काही महिन्यांनी एका पापनिवेदनाच्या तयारीत ती गोष्ट वर आली. आम्ही त्या तरुणाला शोधून काढले. स्कूटर कशी आहे, असे विचारले. तो म्हणाला, छान होती, गेल्याच महिन्यात विकून टाकली. कोणाला, ते त्याला नीट ठाऊक नव्हते. मधल्या दलालाने व्यवहार केला होता. पत्र्याविषयी तुम्ही त्यांना सांगितलेत का, असे विचारण्यासाठी आम्ही तोंड उघडले आणि मिटले. त्याला ते ठाऊकच नव्हते. तो काय सांगणार? एका प्रामाणिक मुलाच्या हातून आम्ही आमचे मौन पुढे पोहोचवले होते. आता त्या पत्र्यावर कोणाचा पाय आहे, कोणाचे मूल पुढे उभे राहते आहे, हे आम्हाला कधीच कळणार नव्हते. ज्याचे देणे आहे तो शोधूनही सापडत नसेल तर ते त्याच्या नावाने गोरगरिबांना द्यावे, असे थॉमस सांगतात. तसे आम्ही केले. ऋण फिटले असेल; पत्रा मात्र जोडला गेला नाही.

तेव्हापासून आम्हाला वाटत आले आहे, की विक्रीतले सत्य हे बाप्तिस्म्याच्या नोंदीसारखे असावे. माणूस कोणत्याही धर्मग्रामात जावो, त्याचे लग्न कोठेही होवो. मूळ नोंदवहीत त्याची नोंद परत येते आणि मूळ नाव शोधता येते. गाडीचेही तसे नाव असते. १९८१ पासून अमेरिकेत प्रत्येक गाडीला सतरा अंक-अक्षरांचा क्रमांक दिला जातो. डॅशबोर्डवर, काचेतून दिसेल असा तो बसवलेला असतो. आमच्या गृहस्थाने कितीही रंग दिला तरी त्या क्रमांकाच्या सुरुवातीची तीन चिन्हे सांगत राहतात, की ही पॉन्टिअ‍ॅक. दहावे अक्षर सांगते, की साल १९८४. आपल्याकडे आरसी बुक हेच काम करते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार तर उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतील माहिती जुळणार नाही असा बदल गाडीत करताच येत नाही. परंतु क्रमांक आणि कागद वाचणाऱ्यालाच बोलतात. भोळ्या माणसासाठी बोलायला माणूसच लागतो.

तर मग आमच्या कल्पनेतील गृहस्थाने काय लिहावे? आमच्या मते त्याने असे काही लिहावे: ‘१९८४ सालची पॉन्टिअ‍ॅक फिएरो, टेस्टारोसासारखे फायबरग्लासचे अंग बसवलेली. मी आणि माझ्या मुलाने घरी तयार केली. सांगाडा १८ सेंटिमीटरने वाढवला आहे, वेल्डिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे. मीटर बदललेला आहे, त्यावरील आकडा धरू नये. आगीच्या धोक्यासंबंधी केलेल्या दुरुस्तीची नोंद गाडीसोबत मिळेल.’ घोड्याचे चिन्ह त्याने काढून ठेवावे. ते त्याचे नाही, म्हणून विकण्याचा अधिकारही त्याला नाही. कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे एका वहीत चिकटवून ती वही गाडीबरोबर द्यावी. घेणाऱ्याने पुढे ती फेकून दिली आणि घोडा पुन्हा लावला, तर तो दोष घेणाऱ्याचा. प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाची राखण करणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. आपल्या हातून सत्य सुटले नाही, एवढे पाहणे मात्र आवाक्यातले आहे.

अशा जाहिरातीने पैसे कमी मिळतील, हे आम्हाला मान्य आहे. फेरारीच्या भ्रमाने येणारे दहा जण परत जातील. पण एखादा अकरावा येईल. तो बॉनेट उघडेल, सांगाड्याखाली वाकून वेल्डिंगवर बोट फिरवील, वही चाळील आणि विचारील, ‘हे सारे तुम्ही दोघांनी केलेत?’ फेरारी म्हणून विकली असती, तर चार वर्षांच्या त्या श्रमांना हा प्रश्न कधी विचारलाच गेला नसता. खोटे नाव घेतले, की आपल्या कष्टांचे श्रेयही त्या खोट्या नावाला जाते.

चित्राला चित्र म्हणण्यात चित्रकाराचा कमीपणा नाही. ते कोणी घोडा समजून विकत घेऊ लागला, तर त्याला थांबवून दोन शब्द सांगायचे, एवढेच आपल्याकडून अपेक्षित आहे. त्या दोन शब्दांची किंमत काय, ते आम्ही एका तरुणाच्या कृतज्ञ हसण्याने मोजली आहे. घरातली जुनी वस्तू विकायला काढाल तेव्हा, वाचकहो, रंग देण्यापूर्वी एकदा तिच्याखाली वाकून पाहा. आणि जे दिसेल, ते न विचारताच सांगा.